क्लासला 45,000 घालू का?

तासगावची_पोर: बीकॉम झालंय. घरच्या बेदाण्याच्या धंद्याचं इन्स्टाग्राम मीच बघते. आता पुण्यात सोशल मीडिया मार्केटिंगची नोकरी हवीय. एक क्लासवाला 45,000 मागतोय, 'जॉब गॅरंटी'सकट. बाबांच्या कपाळाला आठ्या. फुकटातली सर्टिफिकेट चालतात का?

निवांत_गडी: गॅरंटी म्हणाला ना? मग लांबूनच नमस्कार. गूगलच्या स्किलशॉप या शिकवणीच्या साइटवर गूगल अ‍ॅड्सच्या, म्हणजे जाहिरातींच्या, परीक्षा फुकट आहेत. पास व्हायला 80 टक्के लागतात, आणि सर्टिफिकेट वर्षभरच चालतं. हबस्पॉट या मार्केटिंग सॉफ्टवेअर कंपनीच्या अकॅडमीचा सोशल मीडिया कोर्सही फुकट. फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटाच्या ब्लूप्रिंट साइटवर शिकायला पैसे नाहीत, सर्टिफिकेटच्या परीक्षेला फी आहे.

कोथरूडची_माई: मी एजन्सीत मुलाखती घेते. सर्टिफिकेटमुळे अर्ज गठ्ठ्यातून वर येतो, बस्स. पुढे मी विचारते, टाकलेली पोस्ट पैसे देऊन पसरवायचं नुसतं बूस्टचं बटण दाबलंस, की जाहिरात नीट आखायचं मेटाचं टूल, अ‍ॅड्स मॅनेजर, उघडलंस? निम्मी मंडळी तिथेच गार. लाइक किती आले ते सांगू नकोस बाई. व्हॉट्सअ‍ॅपवर चौकश्या किती आल्या, ऑर्डरी किती झाल्या, एका ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च किती, ते सांग. तुझ्याकडे तर खरा माल आहे! दोन जाहिराती कर, दोन्हींना सारखंच बजेट, सारखाच प्रेक्षक ठेव. एक जाहिरात रॅकवर सुकणाऱ्या घडांची, दुसरी पॅकिंगची. कोणती चालली ते स्क्रीनशॉटसकट दाखव. क्लासमध्ये हे खोट्या ब्रँडवर करून घेतात.

तासगावची_पोर: माई, आजवर बूस्टच करत होते 😅 शेडवरचा व्हिडिओ आहे, पण त्यात आजोबा कामगारांवर ओरडतायत. चालेल?

कोथरूडची_माई: पळेल! व्हिडिओतला आवाज काढून टाकू नकोस. आजोबांना तेवढं विचारून घे.