मदत हवी आहे : आईसोबत बघायला इराणी सिनेमे सुचवा

नमस्कार मंडळी. असगर फरहादींचा २०११ चा 'अ सेपरेशन' आईसोबत पाहिला आणि आम्ही दोघीही त्यात पुरत्या अडकलो. नवरा-बायकोच्या भांडणापेक्षा आईच्या मनात घर केलं ते रझियेनं. ती पोटुशी, नवरा बेकार आणि कर्जात बुडालेला. त्याला न सांगता ती तेहरानमधल्या एका घरी स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना सांभाळायला जाते. आजोबा कपडे खराब करतात तेव्हा आधी फोन करून विचारते, परक्या पुरुषाचे कपडे मी बदलले तर पाप लागेल का? आई म्हणाली, "पोटासाठी बाईला काय काय निस्तरावं लागतं गं!"

त्यानंतर २०२४ चा 'माय फेवरेट केक' लावला. सत्तरीची विधवा माहीन, तिचं एकटेपण, मैत्रिणींसोबतचं जेवण. फार जिव्हाळ्याचा सिनेमा आहे, जरूर बघा.

आता प्रश्न. कष्टकरी बायका किंवा म्हातारी माणसं केंद्रस्थानी असलेले अलीकडचे फारसी सिनेमे कोणते? तेहरानबाहेरचं, गावाकडचं जगणं दाखवणारे असतील तर फारच छान. इराणी दिग्दर्शक जाफर पनाहींचे सिनेमे यादीत आहेतच, त्यातला कुठला आधी बघावा?

आणखी एक अडचण. आईला इंग्रजी सबटायटल्स भरभर वाचता येत नाहीत, मी थांबवून थांबवून सांगते. हिंदी किंवा मराठी सबटायटल्स अधिकृतपणे कुठे मिळतात का? कुणी वापरली असतील तर कृपया नाव कळवा.