आईच्या दिवसाला ११ गोळ्या, कमी करता येतील का?

आई ७८ वर्षांची, गुहागरला एकटीच असते. गणपतीला गेलो तेव्हा बिस्किटांच्या डब्यात बघतो तर ११ गोळ्या, चिपळूणच्या डॉक्टरांच्या वेगळ्या, रत्नागिरीच्या वेगळ्या, आणि ॲसिडिटीची पँटोप्राझोल तर दोन वेगळ्या नावांनी दोनदा! पाय सुजलेत, रात्री चारदा उठते, गेल्या आठवड्यात पडवीत पडली, जीव नुसता टांगणीला लागलाय.

मालवणची सून: बीपीची अमलोडिपिन चालू आहे का बघा. तिने काहींचे पाय सुजतात, मग सुजेसाठी कोणी लघवीची गोळी देतं, मग रात्री उठणं, चक्कर, पडणं. सासऱ्यांचं हेच झालं होतं, डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली तशी सूज उतरली आणि लघवीची गोळीही सुटली. पण सुजेची कारणं बाकीही असतात, हार्ट, किडनी, तेव्हा तपासून घ्याच.

कुडाळचा केमिस्ट: सगळी पाकिटं एका पिशवीत भरा, गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या, काढे, चूर्णं सुद्धा, आणि एकाच फिजिशियनसमोर ओता. प्रत्येक गोळीला विचारा, ही कशासाठी, अजून लागते का? डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या या वयात किडनीला जड, बीपीही वाढवतात. झोपेची गोळी आहे का?

प्रश्नकर्ता: अल्प्राझोलम आहे, ३ वर्षं रोज.

कुडाळचा केमिस्ट: त्याने तोल जातो, पण एकदम बंद नका करू हां, डॉक्टर हळूहळू उतरवतात.

प्रश्नकर्ता: शनिवारी पिशवी घेऊन जातोय.