‘बॅलट इनिशिएटिव्ह’ला मराठीत काय म्हणायचं? आधी कौल कोण लावतो ते ठरवा

दक्षिण कसबा
नागरिकांनी कायद्याचा मसुदा स्वतः लिहायचा, ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या सह्या गोळा करायच्या आणि तो थेट मतदानाला लावायचा. या हक्काची बाजू मांडणारा लेख मराठीत लिहायचाय. इंग्रजीत ‘बॅलट इनिशिएटिव्ह’. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत ‘उपक्रम’, ‘जनोपक्रम’ असं दिसतं. पेपरात सगळ्यालाच ‘सार्वमत’. ‘नागरिकांच्या उपक्रमाच्या हक्काचं रक्षण’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर वृक्षारोपण येणार. काय वापरावं?

जुळे सोलापूर
‘सार्वमत’ तर नकोच. आपल्याकडं कौल लावायची रीत आहे ना, देवाच्या अंगावर फुलं चिकटवून प्रश्न विचारायचा, उजवं पडतंय का डावं ते बघायचं. तिथं उत्तर देणारा देव, पण प्रश्न कसा विचारायचा हे कौल लावणाऱ्याच्या हातात. इथंही नेमकं तेच बघायचं. सरकारनं प्रश्न काढून लोकांपुढं ठेवला तर ते सार्वमत. विधिमंडळानं केलेला कायदा सह्या करून लोकांनी अडवला आणि मताला लावला तर ती नकाराची वाट. आणि प्रश्नच लोकांनी लिहिला तर ते इनिशिएटिव्ह. तिन्हीत मतपेटी एकच, कौल लावणारा निराळा.

स्वित्झर्लंडमध्ये हे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात, म्हणून फरक तिथं स्वच्छ दिसतो. संसदेनं केलेल्या कायद्यावर मत मागायचं तर १०० दिवसांत ५० हजार सह्या. ही सोय १८७४ पासून आहे, तेव्हा आकडा ३० हजार होता. राज्यघटनेत स्वतःची दुरुस्ती सुचवायची तर १८ महिन्यांत १ लाख सह्या. ती सोय १८९१ ची, तेव्हा ५० हजार पुरत. घटना बदलायची असेल तर संसदेला लोकांकडं यावंच लागतं, तिथं सह्यांचा प्रश्नच नाही. आता या तिन्हींना ‘सार्वमत’ म्हणून मोकळं झालात तर तुमच्या लेखातला हक्क कुठला हेच कळणार नाही.

पूर्व भाग
तेलुगूत ‘प्रजाभिप्राय सेकरण’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘जनमतगणने’. दोन्हींत लोकांचं मत गोळा करणारा तिसराच कोणीतरी आहे. ‘सेकरण’ म्हणजे गोळा करणं. लोकांनी आपणहून काही मांडलं, हा भाव कशातच नाही. अडचण मराठीची एकटीची नाही ओ.

टिळक चौक
‘उपक्रम’ शब्द मुळात चुकीचा नाही. उपक्रम म्हणजे आरंभ. ‘उपक्रम-उपसंहार’ या जोडीत तो अर्थ अजून जिवंत आहे. पण वापरानं तो शाळेच्या फळ्यावर गेला. आज उपक्रम ‘राबवतात’, आणि राबवणारी संस्था असते. हक्क राबवत नाहीत, बजावतात. क्रियापद लावून बघितलं की शब्द कुठं बसतो ते लगेच समजतं. ‘पुढाकार’ची हीच गत: पुढाकार ‘घेतात’, तो स्वभावाचा गुण झाला. पुढाकार घेतला म्हणून कोणावर काही बंधन येत नाही.

माझा कल ‘लोकप्रस्ताव’कडं आहे. प्रस्ताव ‘मांडतात’, ‘मताला टाकतात’, ‘मंजूर होतो’, ‘फेटाळला जातो’. चारही क्रियापदं आयती मिळतात.

मरिआई चौक
आणि ‘विनंती अर्ज’ कुठं गेला? आपल्या विधिमंडळात विनंती अर्ज समिती आहेच की. लोकांनी सुचवायची वाट नाही असं कसं म्हणता?

जुळे सोलापूर
वाट आहे, पण ती समितीच्या दारापर्यंत जाते. विनंती अर्जावर निर्णय दुसरा देतो, अर्जदार नाही. तसंच अशासकीय विधेयक. ते मंत्री नसलेले आमदार-खासदारच मांडू शकतात, आणि संसदेत १९७० नंतर असं एकही मंजूर झालेलं नाही. त्याआधीची सगळी मिळून १४.

नावात ‘इनिशिएटिव्ह’ असलं म्हणून ते इनिशिएटिव्ह असतंच असंही नाही. युरोपीय संघात २०१२ पासून नागरिकांसाठी सोय आहे: किमान ७ देशांतून मिळून १० लाख सह्या. पण त्या जमल्या की होतं काय, तर युरोपीय आयोगाला विचार करून उत्तर द्यावं लागतं. मतदान नाही. मी तरी त्याला मराठीत ‘सामूहिक विनंती अर्ज’च म्हणेन. लोकप्रस्तावाची खूण एकच. सह्या पुरल्या की मतदान अडवायचा अधिकार कोणाला उरत नाही.

दक्षिण कसबा
म्हणजे हक्क ‘सुचवण्याचा’ नाही, ‘मताला लावण्याचा’. हे माझ्या मसुद्यात उलटं झालं होतं. अमेरिकेतल्या पायऱ्यांना काय शब्द वापरू? ज्या लेखावरून मी लिहितोय तो तिथलाच आहे.

टिळक चौक
आधी एवढं लिहा की अमेरिकेत देशपातळीवर ही सोयच नाही, ती राज्यांत आहे. पहिलं साउथ डकोटा, १८९८. ओरेगननं १९०२ मध्ये घेतली, कॅलिफोर्नियानं १९११ मध्ये. पायऱ्या कॅलिफोर्नियाच्या धरा, कारण तिथं प्रत्येक टप्प्याला नियम आहे.

पहिली पायरी मसुदा आणि २,००० डॉलर शुल्क. २०१५ पर्यंत ते २०० होतं. मग राज्याचा महाधिवक्ता त्याला ‘शीर्षक व सारांश’ देतो. इथं ‘मथळा’ लिहू नका, तो पेपराचा. हे शीर्षक सहीच्या प्रत्येक कागदावर छापावं लागतं, म्हणजे सही करणारा वाचतो ते शब्द प्रस्ताव मांडणाऱ्याचे नसतात. भांडणं बहुतेक इथंच होतात. त्यानंतर सह्यांना १८० दिवस. साधा कायदा असेल तर मागच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के, घटनादुरुस्तीला ८ टक्के. २०२२ च्या निवडणुकीवरून हे आकडे ५,४६,६५१ आणि ८,७४,६४१ असे निघाले.

मग पडताळणी, आणि त्यातली गंमत ‘नमुना’ या शब्दात आहे. प्रत्येक काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, सगळ्या सह्या न तपासता ५०० किंवा ३ टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढ्या तपासतात. त्यावरून काढलेला अंदाज गरजेच्या ९५ टक्क्यांच्या खाली आला की प्रस्ताव पडला. ११० टक्क्यांच्या वर गेला की पार. मधे अडकला तर एकेक सही मोजायची. दुबार सही इथं फार महाग पडते. नमुन्यात एक सापडली की तिचा हिशोब पुऱ्या गठ्ठ्याला लावून वजाबाकी होते. म्हणून जाणती माणसं नेमक्या आकड्यावर थांबत नाहीत, बक्कळ जास्तीच्या सह्या घेतात.

सही बाद होते ती कशानं? यादीतला पत्ता वेगळा, पत्त्याच्या जागी टपालपेटीचा क्रमांक, मतदार म्हणून नोंदच नाही, नाव-पत्ता दुसऱ्यानंच लिहिलेला. सह्या गोळा करणाऱ्यालाही कागदाच्या तळाशी प्रतिज्ञापत्र करावं लागतं. ते अर्धवट राहिलं तर त्या कागदावरच्या सगळ्याच सह्या गोत्यात.

पूर्व भाग
‘सर्क्युलेटर’ला काय म्हणायचं? ‘प्रसारक’ नको. ‘सही गोळा करणारा’ लांबतं.

टिळक चौक
‘सहीकार’ म्हणू नका, तो सही करणारा होईल. लांबलं तर लांबू दे. की ‘सह्या फिरवणारा’? आपल्याकडं निवेदन ‘फिरवतात’च.

मरिआई चौक
सह्या फिरवायला पैसे देऊन माणसं ठेवतात म्हणे. मग तो लोकप्रस्ताव कसला, तो धनप्रस्ताव. लेखात याचं उत्तर नसेल तर तो कच्चा.

जुळे सोलापूर
आक्षेप खरा आहे, झाकू नये. कोलोराडोनं पगारी माणसांवर बंदीच घातली होती. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ती उडवली. सह्या मागत फिरणं हे राजकीय बोलणं आहे आणि त्यावर खर्च करायला बंदी नको, असा निकालाचा रोख. त्यामुळं पैसा आत आहे, हे मान्य करूनच बाजू मांडावी लागते. पण पैसा विधिमंडळातही आहे मालक. तिथं तो कुठल्या कलमावर लागला हे मतदाराला दिसत नाही. इथं निदान कलम छापलेलं असतं आणि ‘नको’ म्हणायला जागा असते.

दुसरा आक्षेप याहून जड आहे: बहुमतानं अल्पसंख्याकांचा हक्क मारला तर? स्वित्झर्लंडमध्ये २००९ साली मिनार बांधायला बंदी अशाच प्रस्तावातून आली. बाजू मांडणाऱ्यानं हे उदाहरण स्वतःच द्यावं, समोरच्यानं द्यायची वाट बघू नये. उपाय आहे, पण तो सह्यांच्या आकड्यात नाही. मूलभूत हक्कांना हात लावणारा प्रस्ताव न्यायालयात तपासता आला पाहिजे, एवढी एक मेख मारून ठेवायची.

आणि हा हक्क काढून घेतात तेव्हा कोणी ‘काढून घेतो’ असं म्हणत नाही, हे शब्दचर्चेत सांगायलाच हवं. ‘आकडा वाढवू’ म्हणतात. ओहायोत ऑगस्ट २०२३ ला तसंच झालं. घटनादुरुस्तीला साध्या बहुमताऐवजी ६० टक्के, सह्या ४४ काउंट्यांऐवजी सगळ्या ८८ मधून, आणि कमी पडलेल्या सह्या भरून काढायची १० दिवसांची मुदत बंद. लोकांनी सुमारे ५७ टक्क्यांनी ते फेटाळलं. वाढवू पाहणाऱ्यांना स्वतःला साधं बहुमतही मिळवता आलं नाही.

मिसिसिपीतली कथा आणखी नमुनेदार. नियम असा होता की सह्या अमेरिकी काँग्रेसच्या पाच मतदारसंघांतून हव्यात आणि एका मतदारसंघातून एक-पंचमांशाहून जास्त धरायच्या नाहीत. २००० च्या जनगणनेनंतर मतदारसंघ उरले चार. चार गुणिले वीस, ऐंशी. शंभर टक्के होणार कुठून? वैद्यकीय गांजाचा प्रस्ताव लोकांनी २०२० मध्ये मंजूर केला आणि मे २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं याच गणितावर तो रद्द केला. त्याच्याबरोबर तिथली सगळी सोयच बंद पडली. कायद्यात ‘पाच’च्या जागी ‘जितके मतदारसंघ असतील तितके’ असं लिहिलं असतं तर भागलं असतं.

दक्षिण कसबा
हे घेतो. आपल्या वाचकाला जवळचं असं काही उदाहरण?

पूर्व भाग
आडवी बाटली.

टिळक चौक
ताई, तुम्ही एका शब्दात काम केलं. आडवी बाटली म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद करायचं मतदान. ती पुरती लोकप्रस्ताव नाही, कारण कायदा आधीपासून आहे, लोक फक्त आपल्या गावापुरता तो लागू करायला लावतात. पण सांगाडा तोच. गावातल्या किंवा वॉर्डातल्या महिला मतदारांपैकी, नाहीतर एकूण मतदारांपैकी, २५ टक्क्यांनी सह्यांनिशी मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा.

अडतं कुठं, ते आकड्यानं सांगतो. १,२०० महिला मतदार असतील तर सह्या लागतात ३००. पण दुकान बंद व्हायला ५० टक्क्यांहून जास्त मतं हवीत ती एकूण मतदारांच्या, आलेल्यांच्या नव्हे. म्हणजे ६०१. मतदानाला ९०० आल्या तर त्यातल्या दर तिघींतल्या दोघींनी आडवीवर शिक्का मारायला हवा. ऊसतोडीला गेलेली, लग्न होऊन गेलेली, मयत असून यादीत राहिलेली, सगळी नावं उभ्या बाटलीच्या खात्यात जमा. म्हणून सह्यांच्या आधी मतदार यादी साफ करून घ्यायची, आणि मतदानाची तारीख तोडणीच्या हंगामात येऊ द्यायची नाही. सहीच्या वेळी माहेरचं नाव का सासरचं, हे यादीत बघूनच लिहायचं.

पूर्व भाग
आणि तेलुगूत सही करत असतील तर शेजारी यादीतलं नाव मराठीत आणि अनुक्रमांक. नाहीतर पडताळणीला बसलेला माणूस नुसताच बघत बसतो.

मरिआई चौक
चित्राची युक्ती खरंच चांगली आहे. ‘होय’-‘नाही’त माणूस गोंधळतो.

टिळक चौक
कॅलिफोर्नियात तो गोंधळ कायमचा आहे. विधिमंडळाचा कायदा अडवण्यासाठी सह्या केल्या, मतदानाला गेला, तर कायदा पाडायला ‘नाही’वर खूण करायची. ‘होय’ म्हणजे कायदा राहू दे. प्रश्न ‘कायदा मान्य आहे का’ असा असतो, ‘रद्द करावा का’ असा नसतो. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं तेव्हाही चिन्हंच होती, विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. फूल १,३८,१७० आणि दोन पानं १,७२,१९१. त्याला मराठीत ‘जनमत कौल’ म्हणतात, आणि म्हणूनच ‘कौल’ शब्द मतदानासाठी सांभाळून ठेवावा, प्रस्तावाला लावू नये. तिथं कौल संसदेनं लावला होता.

दक्षिण कसबा
तर असं लिहितो: वस्तू ‘लोकप्रस्ताव’, हक्क ‘लोकप्रस्तावाचा हक्क’, मतदानाला ‘कौल’, सरकारनं मांडलेला प्रश्न असेल तिथंच ‘सार्वमत’. कायदा अडवण्याच्या मतदानाला ‘लोकनकार’ चालेल? आणि ‘रिकॉल’?

जुळे सोलापूर
लोकनकार चालेल. पहिल्यांदा येईल तिथं अर्धी ओळ खुलासा द्या. ‘रिकॉल’ला ‘प्रत्यावाहन’ कोणी बोलत नाही, ‘परत बोलावणे’ लिहा. मध्य प्रदेशात नगराध्यक्षाला परत बोलावायच्या मतदानाचं नावच ‘खाली कुर्सी, भरी कुर्सी’ पडलं, तेही चित्रांवरून.

मरिआई चौक
‘लोकविधेयक’ का नको? ऐकायला भारदस्त आहे.

टिळक चौक
विधेयक सभागृहात जातं, तिथं त्याला दुरुस्त्या सुचवता येतात. लोकप्रस्तावावर सह्या सुरू झाल्या की स्वल्पविरामही हलवता येत नाही, कारण सही त्या मजकुरावर झालेली असते. मसुद्यातली चूक कौलापर्यंत तशीच जाते. भारदस्तपणा राहू दे, हा फरक गेला नाही पाहिजे.

पूर्व भाग
दक्षिण कसबा, एक किरकोळ. मसुद्यात ‘स्वाक्षऱ्या’ आणि ‘सह्या’ दोन्ही येतायत. एकच ठेवा. कागद फिरवणाऱ्याला ‘सह्या’च कळतंय.