तुमच्या कामातला ‘सेट’ कोणता?

गजर सेट, केस सेट, मुलांचंही सगळं सेट. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाच्या 1989च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती, सुमारे 60,000 शब्दांची. पुढे ‘रन’ने त्याला मागे टाकलं. पण कोशातलं राहू द्या. तुमच्या कामात हा शब्द कसा येतो, कुठे घोळ घालतो, ते लिहा.

*

मी बांधकामावर असते. काँक्रीट सेट झालं म्हणजे त्याचा ओघळतेपणा गेला, एवढंच. ताकद पुढे कित्येक दिवस वाढत राहते. 28 दिवसांनी त्याच काँक्रीटचा नमुना-ठोकळा, म्हणजे क्यूब, फोडून ती बघतात. नवखे लोक मात्र सेट झालं म्हणजे वाळलं असं धरतात आणि पाणी मारायचं थांबवतात. वाळण्याचा इथे संबंधच नाही. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होते, म्हणून तर ते पाण्याखालीही सेट होतं. ‘झालं ना सेट, मॅडम?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, ‘म्हणजे नक्की काय झालं?’

*

आमच्या प्लास्टर रूममध्ये एकाच पेशंटवर दोन सेट. आधी डॉक्टर हाड सेट करतात, मग प्लास्टर सेट होतं. तेव्हा ते गरम लागतं, पेशंट घाबरतो. ‘सेट होतंय, आजोबा’ म्हटलं तर त्यांनी विचारलं, ‘हाड का प्लास्टर?’ रास्त प्रश्न.

*

व्हॉलीबॉल! सेट 25 गुणांचा, त्यात खेळणारा सेटर, आणि तो चेंडू उचलून देतो तोही सेटच. ‘तिसऱ्या सेटला सेट नीट येत नव्हते’ हे आम्ही न हसता बोलतो.

*

टेनिसमध्ये अर्थ सरळ, फक्त सेट संपायला हवा. 2010च्या विम्बल्डनला इस्नर-माहू यांचा पाचवा सेट 70-68 झाला होता.

*

गणित शिकवतो. आमचा सेट म्हणजे संच. संचात तोच घटक दोनदा लिहिला तरी तो एकदाच धरतात. हा नियम कपांच्या सेटला लावला, तर सहा सारख्या कपांचा एकच कप उरेल. वर्ग हसतो आणि व्याख्या लक्षात राहते.

*

मी अनुवाद करते. हे मुळात दोन वेगळे शब्द. समूहाचा ‘सेट’ फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, ‘बसणे’चं प्रयोजक रूप. म्हणून मी आधी ‘बसवणे’ लावून बघते. हाड बसवणे, अंगठीत खडा बसवणे, छान जमतं. पण ‘जेली बसली’ लिहिलं तर पाककृतीच फसल्यासारखी वाटते. आणि सूर्याला कोण बसवणार?

*

ताई, नाटकवाल्यांकडे या. आमच्याकडे सेट लागतो, बसतं ते नाटक.