ताहरच्या शिकारीसाठी हलकी रायफल: काडतूस कोणते आणि नळी किती लांब?

कँटरबरीकर:
नमस्कार. मी चार वर्षांपासून क्राइस्टचर्चला राहतो. शस्त्रपरवाना गेल्या वर्षी मिळाला आणि आता सदर्न आल्प्समध्ये ताहरच्या शिकारीसाठी स्वतःची पहिली रायफल घ्यायची आहे. (ताहर हा रानशेळीसारखा प्राणी मूळचा हिमालयातला असून भारतात तो संरक्षित आहे. न्यूझीलंडमध्ये मात्र १९०४ मध्ये आणून सोडल्यावर तो इतका वाढला की, १९९३ च्या नियंत्रण आराखड्यात त्याची संख्या १०,००० च्या आत ठेवण्याचे ठरले.) आजवर मित्राची .३०८ विंचेस्टर काडतुसाची रायफल वापरली. दुर्बीण आणि सप्रेसर (नळीच्या तोंडाशी लावायचे, आवाज कमी करणारे नळकांडे) धरून ती साडेचार किलो भरते, आणि मागच्या जूनमध्ये घसरत्या खडीवरून चार तास चढल्यावर ते वजन खांद्याला चांगलेच जाणवले. सगळे मिळून साडेतीन किलोंच्या आत बसवायचे आहे. दरीपलीकडचा नर ३०० मीटरवर असू शकतो, म्हणून दुकानदाराने .३०० विंचेस्टर मॅग्नम हे अधिक जोराचे काडतूस सुचवले. ते घ्यावे का? नळी २४ इंची असावी की २० इंची? आणि कार्बनच्या नळीसाठी एवढे पैसे घालावेत का?

डोंगरवाटा:
हलक्या रायफलीत मॅग्नम घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो. काडतूस तेच ठेवले तर गोळी सुटताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, म्हणजे चार किलोंच्या रायफलीत जे काडतूस सहज सोसते, तेच पावणेतीन किलोंच्या रायफलीत जवळजवळ दीडपट धक्का देते. त्यातून .३०० मॅग्नममध्ये सत्तर ग्रेनच्या (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) आसपास बंदुकीची दारू असते, तर मी सुचवतो त्या ७ एमएम-०८ काडतुसात चाळीस-पंचेचाळीस. त्यामुळे सारख्याच वजनाच्या रायफलीतही मॅग्नमचा धक्का दुपटीच्या घरात जातो.

पहिल्या हंगामात मी हीच चूक केली होती. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, माझ्या सोबत्याने मला न सांगता चेंबर (काडतूस बसते ती जागा) रिकामे ठेवले. मी चाप ओढला, आवाज झाला नाही, पण नळीचे तोंड चांगले बोटभर खाली गेले. धक्क्याच्या धास्तीने माझा हात आधीच आवळत होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. अशा हाताने मारलेली गोळी पोटात लागते, जनावर कड्यावर जाऊन हाल होत मरते, आणि तिथवर आपल्याला पोचताही येत नाही.

७ एमएम-०८ रेमिंग्टनने १९८० मध्ये बाजारात आणले; .३०८ च्याच पुंगळीचे तोंड आवळून ते तयार झाले आहे. १४० ग्रेनची गोळी २४ इंची नळीतून सेकंदाला सुमारे २,८०० फूट वेगाने सुटते. ताहरचा प्रौढ नर साधारण सत्तर किलोंचा असतो, आणि गोळी छातीत बसली तर ३०० मीटरवर याहून मोठे काही लागत नाही.

ओटॅगोवासी:
काडतुसाबद्दल सहमत आहे. नळीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. अशा काडतुसात नळी एक इंच कापली की वेग सेकंदाला साधारण २० ते ३० फुटांनी कमी होतो, म्हणजे चार इंच कापल्यावर ३०० मीटरवर गोळी काही सेंटीमीटरच अधिक खाली येते आणि तेवढे दुर्बिणीत जुळवून घेता येते. मात्र नळी कापल्याने वजन फार घटते, हा समज चुकीचा आहे. तोंडाशी १५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळीचा एक इंच जेमतेम तीस ग्रॅम भरतो. खरा फायदा लांबीचा आहे: पुढे सप्रेसर लावल्यावर २४ इंची नळी झुडपांत आणि खडकांत सारखी अडते. तुम्ही सप्रेसर वापरणारच असाल तर २० इंची नळी घ्या.

कार्बनच्या नळीत आत पातळ पोलादी नळी असते आणि तिच्यावर कार्बनचे धागे गुंडाळलेले असतात, म्हणून ती जाड असूनही हलकी असते. तुम्ही डोंगरात एका जनावरावर एक किंवा दोन गोळ्या झाडणार. त्यासाठी साधी बारीक पोलादी नळी पुरते, फक्त ती तापल्यावर नेम सरकतो हे ध्यानात ठेवा. रेंजवर तीन गोळ्यांनंतर थांबून नळी गार होऊ द्या आणि थंड नळीची पहिली गोळी कुठे लागते ते वहीत टिपून ठेवा, कारण शिकारीत तीच कामी येते. वाचलेले पैसे चांगल्या दुर्बिणीत घाला.

खरेदीआधी नळीच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा पीळही विचारा. ७ एमएम-०८ च्या अनेक नळ्यांत गोळी साडेनऊ इंचांत एक फेरा घेते. १४० ग्रेनच्या शिशाच्या गोळीला ते पुरे आहे. तांब्याची गोळी तेवढ्याच वजनाला अधिक लांब असते, तिच्यासाठी आठ-साडेआठ इंचांचा पीळ बरा.

कँटरबरीकर:
दोघांचेही मनापासून आभार. ६.५ क्रीडमूर या काडतुसाचा विचार करावा का?

डोंगरवाटा:
अवश्य करावा. धक्का आणखी थोडा सौम्य आहे, आणि आठ इंचांचा पीळ बहुतेक नळ्यांत मुळातच असतो. ताहरपुरते बोलायचे तर दोन्हींत फारसे डावे-उजवे नाही. पुढे लाल हरणाचे मोठे नर मारायचे असतील तर मी ७ एमएम-०८ कडे झुकेन. दोन्ही रायफली कुणाकडून तरी मागून घ्या, रेंजवर प्रत्येकीच्या दहा-दहा गोळ्या झाडा आणि सोबत्याला मधूनच चेंबर रिकामे ठेवायला सांगा. जिच्या चापाखाली नळी हलणार नाही, ती घ्या.