दिवसाउजेडी फुलांवर फ्लॅश कशाला?

घाटवाट
गेल्या सप्टेंबरात कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, पायवाटेच्या अगदी कडेला, दवबिंदूचं झाड सापडलं. सकाळचे साडेसात. धुकं नुकतंच उठलेलं आणि कोवळं ऊन झाडाच्या मागून तिरपं येत होतं. दवबिंदूच्या पानांवर लालसर केस असतात आणि केसाच्या टोकाला चिकट थेंब. कीटक त्यालाच भुलतो आणि अडकतो. मागून ऊन आलं की ते थेंब आतून पेटल्यासारखे दिसतात. शेजारी एकजण तेच झाड समोरून फ्लॅश मारून टिपत होते. त्यांच्या स्क्रीनवर थेंबाथेंबात एकसारखा पांढरा ठिपका, केस चपटे, मागे मिट्ट काळोख. सकाळी साडेसातला!

फ्लॅशचा उजेड दुप्पट अंतरावर चौथाईच उरतो, म्हणून मागचा सडा काळा पडतो, हे मला कळतं. पण ओला कातळ, गवत, धुकं सगळं गेल्यावर ते झाड घाटमाथ्यावरचं की कुंडीतलं, हे कशावरून ओळखायचं? दिवसा दिसणाऱ्या फुलापानांचे क्लोजअप नैसर्गिक उजेडातच काढावेत, असं माझं ठाम मत आहे.

पाणकळा
पूर्ण असहमत. दोष फ्लॅशचा नाही, उघड्या फ्लॅशचा आहे.

हिशोब बघा. १:१ ला, म्हणजे सेन्सरवर फूल खऱ्या आकाराएवढं पडतं तेव्हा, लेन्स दोन स्टॉप उजेड खाते, चौथाईच उरतो. एफ ११ लावून लेन्सचं छिद्र बारीक केलं तरी फोकसमध्ये राहतो जेमतेम सव्वा मिलिमीटर. दाट ढगांत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ला शटर मिळतो १/६० सेकंद, झाडीखाली १/१५. आणि सड्यावरचा वारा थांबतो कधी? कमी पॉवरवरचा फ्लॅश सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात विझतो, त्यात डोलणारं फूलही थिजतं.

मऊ उजेडाचं म्हणाल, तर सूर्य आभाळात अर्धा अंशच रुंद आहे, म्हणून दुपारच्या सावल्या सुरीसारख्या पडतात. मी वीतभर रुंदीचा बटर पेपर फ्लॅशपुढे लावून तो फुलापासून चार बोटांवर धरतो. त्या फुलाला तेवढं अर्धं आभाळच झालं. आणि आंबोलीत पावसाळ्यात रात्री भेकाचा फोटो काढायचा तर नैसर्गिक उजेड आणायचा कुठून?

कातळफूल
उजेडाचं राहू द्या, मला जमिनीबद्दल बोलायचंय. सीतेची आसवं ही फुलं बोटभर उंचीची असतात आणि मूठभर मातीच्या ओल्या थरावर गर्दीने उगवतात. मागून ऊन हवं म्हणून माणसं वाट सोडून पलीकडे जातात, पालथी पडतात, ट्रायपॉडचे पाय फुलांतच रोवतात. उठल्यावर मागे अंगाच्या मापाचा चपटा पट्टा राहतो. तो मी स्वतः पाहिलाय आणि फार वाईट वाटलं. त्यापेक्षा वाटेवर उभं राहून फ्लॅशने काढलेला साधा फोटो मला हजारदा चालेल. घाटवाट, तुम्ही कडेला होतात, पण सगळे तसे नसतात.

घाटवाट
ताई, हे शंभर टक्के मान्य. वाटेवरून ऊन बरोबर मिळत नसेल तर तो फोटो सोडून द्यावा, पुढचं झाड बघावं. आणि पाणकळा, रात्रीच्या बेडकांबद्दल वादच नाही, मी फुलापानांचंच म्हणत होतो.

पण तुमच्या हिशोबातली एक गोष्ट खटकते. १:१ च का? १:३ ला या, म्हणजे सेन्सरवर फूल खऱ्याच्या एक तृतीयांश. उजेड एका स्टॉपपेक्षाही कमी जातो, त्याच ढगांत शटर १/१२५ च्या आसपास पोचतो आणि एफ ११ लाच सात-आठ मिलिमीटर फोकसमध्ये येतं. शिवाय झाडाच्या मागचा सडाही फोटोत येतो. वाऱ्यासाठी मी छत्री आडवी धरतो आणि दोन झुळकांमधली उसंत साधतो. सावलीची बाजू फारच काळवंडली तर पांढरा पुठ्ठा पुरतो.

सोनकिडा
किड्यांच्या बाबतीत मी घाटवाट यांच्या बाजूने. सोनकिड्याच्या पाठीचा हिरवा रंग रंगद्रव्याचा नसतो. कवचाच्या पातळ थरांवरून उजेड परततो, त्यातून तो दिसतो. लहान दिव्यात एक पांढरा चट्टा उमटतो आणि बाकी पाठ काळपट. ढगाळ आभाळाखाली मात्र अख्खं कवच झळाळतं. बटर पेपर लावला तरी त्याची चौकट पाठीवर उमटते, हे माझ्याच फोटोंत दिसलंय. शिवाय पहाटे किडे गारठलेले असतात, ऊन अंगावर येईपर्यंत फारसे हलत नाहीत. तेव्हा सावकाश शटरही चालतो.

कोणी मध्यम मार्ग विचारला तर सांगेन: शटर आणि आयएसओ मागच्या उजेडाप्रमाणे लावा आणि फ्लॅश फक्त सावली उजळण्यापुरता ठेवा. पाठीमागचं काळं पडत नाही.

पाणकळा
सोनकिड्याच्या पाठीचं पटलं. चौकट माझ्याही फोटोंत दिसते, कागद वाकवून घुमटासारखा केला की कमी होते, जात नाही.

१:३ चं मात्र पटत नाही. दवबिंदूवर परवा एक माशी अडकली होती, भाताच्या दाण्याहून लहान. तिचा एक पाय चिकात ताणला गेला होता, तार सुटत होती आणि ती अजून हलत होती. १:३ ला ती माशी फोटोत ठिपका झाली असती. मला तो पाय दाखवायचा होता.

घाटवाट
मग फ्लॅश वापरा. माझ्या थेंबांना मात्र ऊनच हवं.