5.38 काढून 4.27 टाकताना

‘5.38 चा क्राऊन-पिनियन काढून 4.27 टाका, हायवेला गाडी मोकळी पळते’ असा सल्ला देतात तो खरा आहे. क्राऊन-पिनियन म्हणजे अ‍ॅक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, आणि 5.38 हा तिचा रेशो: चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे 5.38 फेरे. 4.27 टाकल्यावर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे साधारण 20 टक्क्यांनी उतरतात. पण तेवढाच जोर चढाला कमी पडतो. मुंबईहून माल भरून नाशिकला येताना कसारा घाटात माझी जुनी पिकअप आधी तिसऱ्या गिअरवर चढायची, 4.27 नंतर दुसऱ्यावर आली. चढावर थांबून उठवताना क्लचचा वास यायचा तो वेगळाच.

स्पीडोमीटरच्या काट्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. जुन्या जीपच्या जातीच्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना जोर वाटणारा डबा), म्हणजे क्राऊन-पिनियनच्या आधीच निघते, त्यामुळे तिला नवा रेशो कळत नाही. म्हणजे हा बदल केल्यावर काटा 40 दाखवतो तेव्हा गाडी 50 ने धावत असते. फोर बाय फोर असेल तर पुढच्या अ‍ॅक्सलचाही रेशो तोच हवा.